तलावाकाठची चौकडी

सोमवारी शाळेत गेले की स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न असतो, "बाई, काल काय दिसलं?" मी सुरुवात पक्ष्यांपासूनच करते. चमचे दिसले, शराटी दिसला, अशी दोन वाक्यं होतात आणि मग गाडी जी रुळावरून उतरते ती मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी परत चढत नाही. परवा आमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, तुम्ही पक्षी बघायला जाता की माणसं? पक्षी येतात आणि उडून जातात. किस्से मात्र बसून राहतात, आणि दर रविवारी त्यांत भर पडते.

आम्ही चौघं. मी बुलढाण्यात मराठी शिकवते. पाठक गुरुजी भिक्षुकी करतात. निम्म्या तालुक्याची लग्नं त्यांनीच लावली आहेत. गवई सिस्टर सरकारी दवाखान्यात नर्स आहेत. आणि किशोर. त्याचं मोबाइलचं दुकान आहे, तोफेएवढ्या लेन्सचा कॅमेरा आहे, आणि मुख्य म्हणजे गाडी आहे.

देऊळघाटच्या पुढे आडबाजूला एक तलाव आहे. वनखात्याची पाटी आहे, काठावर बसून बघायला पत्र्याची खोपी आहे. फाल्गुन-चैत्रात पाणी ओसरतं, चिखल उघडा पडतो आणि उत्तरेकडे परतायच्या आधी थंडीतले सगळे पाहुणे पक्षी तिथे पोटभर खाऊन घेतात. आम्ही उजाडता उजाडता तिथे हजर असतो.

०००

खोपीत कुजबुजतच बोलायचं, हा नियम गुरुजींनीच केला. त्यात अडचण एकच आहे. गुरुजींना कुजबुजता येत नाही.

त्यांचा दोष नाही. माइक बंद पडला, लाइट गेली, बँडवाले ऐकत नाहीत, अशा मांडवांत त्यांचा गळा तयार झाला आहे. त्यांनी आवाज कितीही खाली आणला तरी तो शेवटच्या पंगतीपर्यंत जातो.

एकदा पलीकडच्या काठावर झुडपाआड एक पाणलावा आला. लाजाळू पक्षी. आम्ही श्वास रोखून बसलो होतो. गुरुजींनी त्यांच्या मते कानात सांगितलं, "उजव्या झुडपाच्या मागे बसला आहे. अगदी उघडा दिसतो आहे. कुणी हलू नका."

पाण्यावरून आवाज सरळ गेला. मग त्याच झुडपाच्या मागून एक माणूस बोलला, त्याच्या हातात डबा असणार हे आमच्या उशिरा लक्षात आलं.

"हलत नाही जी. पन तुमी तिकडे पाहा ना."

०००

किशोरने तिपाईवर उभी करायची मोठी दुर्बीण आणली तो पहिला रविवार. सिस्टर नाइट ड्युटी संपवून तशाच पांढऱ्या ड्रेसमध्ये आल्या होत्या. काठावर दुर्बीण मांडली, सिस्टर शेजारी उभ्या राहिल्या आणि एक डोळा मिटून नळी फिरवायला लागल्या.

थोड्या वेळाने मागे वळून बघतो तर रांग लागलेली. गावात बातमी गेली होती की डोळे तपासायचं शिबिर आलं आहे.

किशोर त्यांना समजावायला गेला, पण सिस्टरनी त्याला थांबवलं. एवढी म्हातारी माणसं चालत आली आहेत, निदान बदकं तरी बघू द्या, असं त्यांचं म्हणणं. मग एकेक जण दुर्बिणीला डोळा लावायला लागला. एका आजोबांनी विचारलं, कोनता डोळा मिटू. सिस्टर म्हणाल्या, डावा. आजोबांनी बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं की लय साफ दिसते, हाच नंबर द्या.

मग गावातल्या काशीआजीची पाळी आली. तिने नळी स्वतःच हळूहळू पलीकडच्या काठाकडे फिरवली आणि एकदम गप्प झाली. हलेना, बोलेना. गुरुजींना भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदा चमच्यांचा थवा इतक्या जवळून दिसला की असं होतं, असं त्यांनी आम्हाला हळूच, म्हणजे सगळ्या रांगेला, सांगितलं.

"दिसलं का आजी?" सिस्टरनी विचारलं.

"दिसलं," आजी म्हणाली. "गवत कापाले धाडली सून. थे बांधावर बसून घाटे खाऊन राह्यली."

पुढच्या रविवारी आम्ही दुर्बीण मांडत होतो तेव्हा डोक्यावर पदर घेतलेली एक तरुण बाई आली. नमस्कार केला, चहा पाठवू का विचारलं. मग जरा घुटमळून म्हणाली, "ताई, या यंत्रातून कोनती जागा दिसत नाही?"

०००

चैत्राच्या सुरुवातीला एकदा आम्ही खोपीबाहेरच्या कडुनिंबाखाली डबे उघडले होते. किशोर फोटोसाठी लांब चिखलात उतरला होता. एवढ्यात गुरुजींनी हात वर केला. झाडातून पावशाची हाक येत होती. "पेरते व्हा, पेरते व्हा", चढत चढत जाणारी, ओळखायला अगदी सोपी.

एवढ्या लवकर पावशा बोलला म्हणून गुरुजी हरखले. पोळी तशीच हातात घेऊन ते आणि मी झाडाभोवती फिरायला लागलो. हाक थांबायची, आम्ही थांबायचो. पुन्हा सुरू व्हायची, आम्ही मान वर करून पुढच्या फांदीखाली. पान हलत नव्हतं, पण आवाज तर हाताच्या अंतरावरून येत होता. गुरुजींनी निदान केलं की पक्षी पानाआड दडून बसला आहे, आणि एवढा सारखा बोलतो आहे म्हणजे जोडीदाराची वाट बघतो आहे.

सिस्टर शांतपणे लोणचं संपवत होत्या. मग त्यांनी हात पुसला, फांदीला अडकवलेलं किशोरचं जाकीट काढलं, खिशात हात घातला आणि फोन कानाला लावला.

"बोला वहिनी."

किशोरची बायको होती. किशोर रोज दुकानाला कुलूप लावतो त्याच सवयीने सकाळी घरालाही बाहेरून कुलूप लावून आला होता. वहिनी तेव्हापासून आत, दूधवाला बाहेर.

सिस्टरनी आम्हाला हे सगळं सांगितलं. मी ओशाळून खाली बसले. गुरुजी मात्र अजून वरच बघत होते.

"तरीच," ते म्हणाले, "स्वर फार आर्त होता."

०००

बदकांच्या बाबतीत आमची चौकडी कच्ची आहे, हे मी मान्य करते. त्याला कारण आहे.

आमच्याकडे पक्ष्यांचं एकच चांगलं, रंगीत चित्रांचं पुस्तक होतं. ते मी सांभाळायचे. एका सकाळी तलावावर ओळखता न येणारी चार-पाच बदकं आली. मी पुस्तक काढलं, बदकांचं पान उघडून दगडावर ठेवलं आणि खात्री करायला पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. चोच कशी, पंखावर पट्टा कोणता, असं मोठ्याने सांगत होते आणि मागून कुणीतरी पानं उलटत होतं. मला वाटलं सिस्टर आहेत. मी म्हणाले, सापडलं का?

वळून बघितलं तर शेळी. बगळे तिने सोडले, शिकारी पक्ष्यांना तोंड लावलं नाही. बदकं मात्र साफ. शेवटचं पान अर्धं तोंडाबाहेर होतं. मी ते ओढायला गेले तर तिने मान झटकली आणि तेही गिळलं. शेळीची मालकीण आली, तिने पुस्तकाकडे बघितलं आणि काळजीने मला विचारलं की याच्यात शाई कोणती असते, दूध तर आटणार नाही ना.

आम्ही नवं पुस्तक घेऊ घेऊ म्हणतो आहोत. तोवर एखादं अनोळखी बदक दिसलं आणि गुरुजींनी हे कोणतं असं विचारलं, की सिस्टर म्हणतात, "शेळीले माहीत असन."

०००

माझ्या नणंदेचे यजमान पुण्याचे. निवृत्त इंजिनिअर, स्वभावाने सज्जन, कपड्यांनी टापटीप. पाडव्याला आमच्याकडे आले होते. मी रविवारी तलावावर जाते हे ऐकून त्यांनी हौसेने पांढरेशुभ्र बूट घातले आणि आमच्याबरोबर निघाले.

त्या दिवशी चक्रवाकांची जोडी अजून गेलेली नव्हती. केशरी रंगाची ही मोठी बदकं शेळीच्या तावडीतून सुटली आहेत, म्हणजे पुस्तकाशिवाय ओळखता येतात. पाहुण्यांना ती दाखवायचीच, असं आम्ही ठरवलं होतं. चिखलाच्या कडेने सगळे एका ओळीत चाललो होतो. पुढे किशोर, त्याच्या मागे पाहुणे.

अचानक किशोर थांबला. जोडी समोरच बसलेली. आता आमच्याकडे 'बघ' म्हणायचं तर 'पाय' म्हणतात, आणि घाई झाली की किशोरला अहो-जाहो सुचत नाही. तो दबक्या आवाजात म्हणाला, "पाय. पाय पाय पाय!"

पाहुण्यांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं. त्यांना तिथे काही दिसेना, आणि न दिसणारी वस्तू म्हणजे सापच, असं त्यांनी ठरवलं. किशोर पुन्हा म्हणाला, "अरे थो पाय ना!" त्यांनी 'तो पाय' उचलला. मग दुसराही उचलला. दोन्ही पाय उचललेला माणूस जिथे जायचा तिथे ते गेले, म्हणजे गुडघाभर चिखलात. जोडी उडाली. त्यांना बाहेर काढलं तेव्हा एक बूट आतच राहिला होता, तो काढायला किशोर खांद्यापर्यंत हात घालून बसला.

घरी येईपर्यंत मला तोंड वर करता येईना. पण पाहुणे अजिबात रागावले नव्हते. उलट रात्री जेवताना नणंदेला फोनवर सांगत होते, "इकडची माणसं फार प्रेमळ गं. माझ्या पायांची एवढी काळजी आजवर कुणी केली नव्हती."

०००

आणि हा मागच्या वसंतातला.

कैकर नावाचा एक शिकारी पक्षी आहे. घारीएवढा, पोट पांढरं, डोळ्यांवरून काळी पट्टी. उंचावरून पाण्यात झेप घेतो आणि पंजात मासा धरून वर येतो. थंडीत आमच्या तलावावर येतो, उन्हं तापली की जातो. मी पाहिला होता, सिस्टरनी पाहिला होता, किशोरकडे तर फोटो होते. गुरुजींनी पाहिला नव्हता. ते मुहूर्त गाठायला उठून गेले की पक्षी यायचा. कितीतरी वर्षं हे असंच चाललं होतं. फोटो बघताना गुरुजींचा चेहरा मुंजीत लाडू न मिळालेल्या बटूसारखा व्हायचा.

त्या चैत्रात तलावाकाठच्या गावातच लग्न निघालं. आम्ही ज्यांच्या अंगणात गाडी लावतो त्या शंकररावांची मुलगी. लग्न गुरुजी लावणार, जेवायला आम्ही तिघंही. पहाटेपासून तलावावर बसायचं आणि तिथूनच मांडवात जायचं, असं ठरलं. पहाटेपासून बसलो. कैकर आला नाही. गुरुजींनी उपरणं झटकलं आणि निघाले.

मांडवात वेगळाच ताण होता. वराकडची मंडळी वरवट बकाल गावची, आणि नवरदेवाचे मामा फार कडक. साखरपुड्यात त्यांनी चहा गार आहे म्हणून पाट सोडला होता. शंकररावांनी गुरुजींचे हात धरून विनवलं होतं की मामांना बोलायला जागा ठेवू नका. मुहूर्त चुकायला नको, एक अष्टक कमी व्हायला नको. मामा गुरुजींच्या बरोबर समोर, हाताची घडी घालून उभे राहिले.

मांडव तलावाच्या काठालाच होता. गुरुजींची पाण्याकडे पाठ. अंतरपाट धरला, पहिलं मंगलाष्टक झालं, अक्षता पडल्या. आणि मी बघितलं तर मांडवाच्या शेवटच्या टोकाला किशोर एक हात खांबासारखा सरळ वर करून, दुसऱ्या हाताचा पंजा त्याच्यावर पक्ष्यासारखा बसवून उभा होता. वराकडच्या पोरांना वाटलं हा नाचायला लागला, तीही हात वर करून त्याच्याभोवती जमली. मी मान वळवली. पाण्यात पूर्वीच्या मोटारपंपाचा एक लोखंडी खांब आहे. त्याच्यावर कैकर बसला होता.

गुरुजींना किशोर दिसला. त्यांना कळलं. पण मान वळवणार कशी? समोर मामा.

गुरुजींनी दुसरं मंगलाष्टक सुरू केलं. तीच चाल, तोच खणखणीत आवाज.

"आहे का अजुनी तिथेच बसला, खांबावरी पक्षि तो..."

मी मराठी शिकवते. शार्दूलविक्रीडित वृत्तात एक अक्षर चुकलं नव्हतं. सगळ्या मांडवाने "सावधान" म्हटलं आणि अक्षता उधळल्या.

आता उत्तर कोण देणार? किशोरला गाता येत नाही आणि मला आयत्या वेळी ओळ सुचेना. इकडे लग्नात हौशी बायका माइकवर आपापली मंगलाष्टकं म्हणतात, तशी दोघी-तिघींची ओळ लागलीच होती. गवई सिस्टर ती ओळ ओलांडून सरळ माइकपाशी गेल्या. त्यांच्या घरची लग्नं बौद्ध पद्धतीची, पण वऱ्हाडात राहून ही चाल कुणाच्या कानाला नवी नाही. पदर सावरून, डोळे पाण्याकडे लावून त्यांनी म्हटलं,

"मासा घेउन बैसला अजुनही, बाभूळशेंड्यावरी..."

खरंच, तेवढ्यात त्याने झेप घेऊन मासा उचलला होता आणि काठावरच्या बाभळीवर जाऊन बसला होता. सावधान. अक्षता. मामांनी भुवया उंचावल्या.

ओळीतल्या बायकांची अष्टकं झाली. गुरुजी शेवटचं म्हणायला तोंड उघडणार तोच नवरदेवाच्या मावशी माइकपाशी आल्या. त्यांचं मंगलाष्टक स्वतः रचलेलं होतं. त्यात सगळे नातेवाईक होते, आधी हयात असलेले आणि मग नसलेले. प्रत्येक नावावर मावशी थांबायच्या, डोळे पुसायच्या, पाणी मागायच्या. गुरुजींच्या हातातल्या अक्षतांचा घामाने भिजून गोळा झाला होता. किशोर मांडवाच्या टोकाहून हातवारे करत होता की आहे, अजून आहे, अर्धा मासा खाऊन झाला.

मावशी संपल्या. गुरुजींनी "तदेव लग्नं" एका श्वासात म्हटलं. इतक्या वेगाने मी ते आजवर ऐकलेलं नाही. अंतरपाट खाली आला, माळा पडल्या, बँड वाजला, बाहेर फटाक्यांची लड लागली. सगळा मांडव नवरा-नवरीकडे बघत होता आणि लग्न लावणारा माणूस त्यांच्याकडे पाठ करून उभा होता.

फटाक्यांनी कैकर उठला. उरलेला मासा पंजात तसाच. मोठे पंख संथ हलवत तो मांडवाच्या कडेवरून, आमच्या डोक्यांवरून गेला. पांढरं पोट, डोळ्यावरची पट्टी, सगळं दिसलं. गुरुजींनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नवरीच्या आईने ते बघितलं, गुरुजीलेही पोरीची एवढी माया म्हणून तिने हंबरडा फोडला, आणि मग सगळ्या बायका रडल्या.

गर्दीतून मामा आले. शंकररावांचा चेहरा उतरला. मी सिस्टरचा हात धरला. मामा गुरुजींच्या पुढ्यात उभे राहिले आणि त्यांनी विचारलं की ते माशावालं मंगलाष्टक कोणत्या पोथीतलं आहे.

गुरुजींनी डोळे पुसले.

"आमच्या तिकडल्या महाराजाले हे येत नाही," मामा म्हणाले. "लय जुनं दिसते. वैशाखात माह्या पोरीचं लगन हाये. तुमीच या, अन् हेच म्हना."

गुरुजींनी एकदा पाण्याकडे बघितलं.

"येतो," ते म्हणाले. "तुमच्या गावाजवळ तलाव आहे का?"